पेशीपासून पेशी



ज्या गुरुवर्यांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले असल्यामुळे, आजच्या विषयाचा आरंभ एखाद्या ग्रंथापासून न करता त्यांच्या एका तासापासूनच करावा असे मला वाटते. दिवाळीच्या सुटीनंतरचे दिवस होते. जळगावच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागल्या होत्या, आणि शाळेत येता येता रस्त्यावर सांडलेले एक फुटके बोंड उचलून गुरुजींनी ते खिशात घालून आणले होते. ते आमच्यापुढे धरून त्यांनी विचारले, "यात पेशी दिसते का रे कोणाला?" पेशी सूक्ष्मदर्शकावाचून दिसत नाही एवढे वाक्य पाठ करून बसलेले आम्ही सर्वजण एका सुरात "नाही" म्हणालो. तेव्हा त्यांनी सरकीला चिकटलेला पुंजका चिमटीत धरला, व्यापारी धाग्याची लांबी पाहताना ओढतात तसा तो हलकेच ओढला, त्यातला एकच तंतू निराळा करून खिडकीच्या उजेडात धरला, आणि ते म्हणाले, "ही एक पेशी."

त्या एका वाक्याने माझ्या आयुष्याची दिशा ठरली. कापसाचा प्रत्येक तंतू ही सरकीच्या सालीवरची एकच एक पेशी असते. ज्या दिवशी कपाशीचे फूल उमलते त्याच सुमारास आतल्या कोवळ्या बीजांडाच्या पृष्ठभागावरील काही पेशी, शेजारच्या पेशी जागच्या जागी राहिल्या असता, बाहेर डोके काढतात आणि पुढचे दोन-अडीच आठवडे एकसारख्या लांब होत जातात. विभागणी नाही, दुसरी पेशी जोडणे नाही, एकच पेशी स्वतःच्या जाडीच्या हजारपटीहून अधिक लांब होते, आणि मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही बारीक असा तो जीव अडीच-तीन सेंटिमीटरांपर्यंत पोचतो. मग तिच्या भिंतीवर आतून सेल्युलोजचे थरावर थर चढतात. बोंड फुटून वारा लागला, की आतले जीवद्रव्य आटते, पेशी मरते, पोकळ नळी चपटी होऊन तिला पीळ पडतो, आणि तो पीळ शेजारच्या तंतूच्या पिळात अडकतो म्हणूनच सूत निघते. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला तेव्हा ज्या मालावर खानदेशातल्या पेठा वर आल्या, जिन-प्रेस उभ्या राहिल्या, सावकारांच्या वह्या भरल्या, तो माल म्हणजे मृत पेशींच्या भिंतींचा ढीग होता, हे सांगताना कापसाचा मान तसूभरही कमी होत नाही. माझ्या मते तो वाढतो.

योगायोग असा की मनुष्याने प्रथम पाहिलेली पेशीही मृतच होती. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज पंडिताने बुचाचा पातळ काप आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रिकामी घरे दिसली आणि त्या घरांना त्याने इंग्रजीत खोली या अर्थाचे नाव दिले. आपण मराठीत 'पेशी' म्हणतो तो शब्द मात्र फार निराळ्या वाटेने आलेला आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानात पेशी म्हणजे मांसाचे पुंजके, आजच्या भाषेत स्नायू. रिकाम्या खोलीच्या नावापेक्षा जिवंत मांसाचे नाव या वस्तूला अधिक शोभते, आणि ज्या कोणी मराठीत हा शब्द रूढ केला त्याचे आपल्यावर ऋण आहे. हूकने पाहिली ती भिंत. भिंतीच्या आत काय नांदते हे कळायला पावणेदोनशे वर्षे लागली. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊन याने वनस्पतींच्या पेशीतील केंद्रक नावारूपाला आणले, १८३८ मध्ये श्लायडेन याने सर्व वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात असे प्रतिपादन केले, आणि दुसऱ्याच वर्षी श्वान याने तेच प्राण्यांना लागू केले.

परंतु ज्या सिद्धान्तासाठी मी आज येथे उभा आहे तो त्यानंतरचा. श्लायडेन आणि श्वान या दोघांनाही असे वाटत होते, की खारवलेल्या पाण्यातून स्फटिक धरावा तशी पेशी एखाद्या द्रवातून आपोआप थिजून तयार होते. रॉबर्ट रेमाक या संशोधकाने गर्भावस्थेतील पेशींचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून दाखवले, की पेशी थिजत नाही, ती दुभंगते. आणि १८५५ साली रुडॉल्फ फिर्खो याने तेच तत्त्व एका लॅटिन सूत्रात बांधले, ज्याचा अर्थ एवढाच, की प्रत्येक पेशी ही पेशीपासूनच होते. सूत्र फिर्खोच्या नावावर राहिले आणि राबणारा रेमाक मागे पडला, याची रुखरुख मला नेहमी वाटते, म्हणून त्याचे नाव येथे मुद्दाम घेतो.

या सूत्राचा अर्थ महसूल खात्याच्या परिभाषेत सांगितला तर आपल्याकडे तो चटकन उमगेल. सातबाऱ्यावर जसे प्रत्येक नाव कोणाच्या तरी मागून, वारसनोंदीने वा खरेदीखताने लागलेले असते, तशी प्रत्येक पेशीच्या मागे एक पेशी असते, तिच्या मागे आणखी एक, आणि हे फेरफार मागे मागे वाचीत गेलो तर मध्ये कोठेही पान फाटलेले सापडत नाही. बेवारस पेशी सृष्टीत नाही. आणि पेशीची खातेफोड आपल्या खातेफोडीहून उदार असते, कारण भावाभावांत जमीन वाटली जाते तशी येथे मिळकत अर्धी होत नाही. केंद्रकातल्या गुणसूत्रांच्या सबंध दप्तराची आधी नक्कल होते आणि दोन्ही वारसांना पुरे दप्तर मिळते. तुमच्या-माझ्या शरीरात तीस-चाळीस लाख कोटी पेशी आहेत, आणि त्या सर्व मातेच्या उदरातील एका पेशीच्या वंशज आहेत. ती एक पेशी मातेच्या आणि पित्याच्या पेशींची, त्या त्यांच्या मातापित्यांच्या; आणि ही परंपरा माणसापाशी थांबत नाही, कपाशीपाशी थांबत नाही, ती किमान साडेतीनशे कोटी वर्षे एकदाही न तुटता आलेली आहे.

आता आपल्या मळ्यांकडे वळू. रावेर, यावल, सावदा, फैजपूर या पट्ट्यातील केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तिच्याविषयी बाजारभाव, करपा, वादळ, रेल्वेचे डबे या अंगांनी येथे बसलेल्या मंडळींना माझ्यापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक आहे. मी फक्त तिच्या पेशीविषयी बोलणार आहे. साध्या रानटी केळीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक मातेचा व एक पित्याचा, प्रत्येकी ११. आपल्या मळ्यातल्या केळीत ते तीन आहेत, एकूण ३३. बीज तयार होताना गुणसूत्रांना जोडीने उभे राहून मग विभक्त व्हावे लागते, आणि तिघांत जोड्या लागत नाहीत. म्हणून आपली केळ निसवते, घड टाकते, फण्या भरतात, पण बी धरत नाही. पिकलेले केळे उभे चिरले असता मधोमध जे काळपट बारीक ठिपके दिसतात ते जन्मालाच न आलेल्या बियांचे अवशेष होत.

बी नाही म्हणजे वंश कंदावरच्या मुनव्यांनी चालवायचा. शेतकरी तरवारीसारख्या अरुंद पानांचे मुनवे हेरून, कंदासकट खणून नव्या बागेत लावतो, तेव्हा तो रोपाचे अपत्य लावीत नसतो, त्या रोपाचाच एक भाग पुढे नेत असतो. मृगबाग असो वा कांदेबाग, नवती असो वा पिलबाग, शरीर एकच. बसराई, तिच्यातून निवडलेली श्रीमंती आणि आता सर्वत्र झालेली ग्रँड नैन या तिन्ही जाती कॅव्हेंडिश नावाच्या एकाच घराण्यातल्या. उंचीत, घडाच्या ठेवणीत जो फरक पडला तो एखाद्या पेशीच्या दप्तरात नक्कल करताना पडलेल्या लहानशा चुकीचा. या घराण्याचे नावही केळीचे नव्हे. चीनकडची ही बुटकी केळ मॉरिशसमार्गे इंग्लंडात गेली, १८३० च्या दशकात डेव्हनशरच्या ड्यूकच्या काचगृहात जोसेफ पॅक्स्टन याने ती फळवली आणि ड्यूकच्या कुळाचे नाव तिला दिले. तापीकाठच्या केळीच्या सातबाऱ्यावर एका इंग्रज उमरावाचे नाव लागलेले आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

मुनवा लावण्याचे हे प्राचीन काम पेशीच्या पातळीवर नेता येईल काय, हा प्रश्न १९०२ मध्ये गॉटलिब हाबरलांट या वनस्पतिशास्त्रज्ञाने उपस्थित केला होता. प्रत्येक पेशीकडे पुरे दप्तर असेल तर पानातल्या वा कंदातल्या सुट्या पेशीतूनही सबंध झाड उभे राहिले पाहिजे, असे त्याचे अनुमान होते, आणि त्याचे स्वतःचे प्रयोग फसले तरी अनुमान खरे ठरले. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूच्या पेशींसाठी क्षारांचे जे खाद्य सिद्ध केले तेच थोड्याफार फेरफाराने आजही प्रयोगशाळांतून चालते. १९६४ मध्ये दिल्लीच्या विद्यापीठात सिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी आपल्या उकिरड्याशेजारी वाढणाऱ्या धोतऱ्याच्या परागकोशातून, म्हणजे अर्ध्या दप्तराच्या पेशीतून, रोपे उगवून दाखवली आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी त्यांचे अनुकरण केले. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ही विद्या जळगावात भवरलाल जैन यांच्या उद्योगसमूहाने केळीसाठी आणली. निरोगी कंदातला वर्धनबिंदू, काही मिलिमीटरांचा, निर्जंतुक हवेच्या झोतात कापून काढतात. समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या आगरने थिजवलेल्या खाद्यावर तो बाटलीत ठेवतात. त्याला फुटवे येतात, फुटवे वेगळे करून पुन्हा बाटल्या भरतात. पाचसहा महिने बाटलीत, मग सावलीच्या गृहात पिशवीत, मग शेतात. मुनव्याच्या बागेला घड काढायला दीड वर्षापर्यंत वाट पाहावी लागे, ती या रोपांनी वर्षाच्या आत-बाहेर आणून ठेवली. त्या शाळेतल्या बोंडापासून ही काचेची बाटली फार दूर नाही. दोन्हीकडे पेशीचेच सामर्थ्य आहे, एकीकडे लांब होण्याचे, दुसरीकडे सबंध झाड होण्याचे.

मात्र येथे माझ्या मनातली चिंता मी झाकून ठेवणार नाही. सर्व बाग एकच शरीर असेल तर त्याचे दुखणेही एकच असते. मध्य अमेरिकेत याच कॅव्हेंडिशच्या आधी ग्रो मिशेल नावाची केळ होती. मातीतल्या फ्युजेरियम या बुरशीने तिला मर रोग जडला, आणि १९५० ते १९६० च्या सुमारास तिचे व्यापारी मळे बहुतांशी संपले. तेव्हा कॅव्हेंडिश तगली म्हणून जगाने ती उचलली. आता त्या बुरशीचा असा एक प्रकार फैलावला आहे की तो कॅव्हेंडिशलाही सोडत नाही, आणि आपल्या देशात बिहारकडच्या बागांत तो आढळलेला आहे. बुरशीच्या पेशी दर पिढीला थोड्या थोड्या बदलतात, आणि केळीच्या पेशीला बदलण्याची वाट आपण बंद केलेली आहे. ज्या शेतकऱ्याने हरण्या रोगाने मोझेकसारखी चट्टेरी झालेली पाने पाहून डोळ्यांदेखत उभी बाग उपटून टाकली आहे, त्याला मी याहून अधिक काय सांगावे? याउलट सह्याद्रीच्या कड्यांवर कवदर नावाची रानकेळ असते. ती मुनवा कधीच देत नाही, आयुष्यात एकदाच फुलते, दगडासारख्या काळ्या बियांनी भरलेली फळे देते आणि मरते. खाण्याला ती कुचकामी. पण तिच्या प्रत्येक बीमध्ये दप्तराची नवी मांडणी असते, आणि म्हणून कड्यावरच्या दहा कवदरी म्हणजे दहा निराळे जीव.

विविधता म्हणून आपण जिचे कौतुक करतो ती या नव्या मांडणीतून येते. एरवी पेशीची मूळ रचना एवढी सारखी की माणसाच्या आणि कपाशीच्या पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका एकाच धाटणीच्या. लिन मार्गुलिस या विदुषीने १९६७ मध्ये साधार मांडले, की या तंतुकणिका आणि वनस्पतींतली हरितलवके हे मूळचे स्वतंत्र जीवाणू, मोठ्या पेशीत आश्रयाला येऊन कायमचे रहिवासी झालेले. विरजणातल्या दह्यात जे जीवाणू असतात, आणि शेजारच्या जिल्ह्यातील लोणारच्या खारट, क्षारधर्मी सरोवरात जे सूक्ष्मजीव तग धरून राहतात, त्यांना केंद्रकही नसते, तरी त्यांची वारसनोंद आपल्याच मुळाशी जाऊन भिडते. सर्व जीव एका कुळाचे आणि तरीही एकासारखा दुसरा नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. आणि यातला दुसरा भाग किती मोलाचा आहे हे मला पुस्तकाने शिकवले नाही, खानदेशातल्या एका पक्ष्याने शिकवले.

१८७३ मध्ये ॲलन ह्यूम याने, ज्याचे नाव आपण राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांत घेतो, मध्य भारतातून आलेल्या एका लहान घुबडाचे वर्णन नवी जात म्हणून प्रसिद्ध केले. हाच रानपिंगळा. वीतभर उंचीचा, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंखांवर रुंद पांढरे पट्टे, आणि घुबड असूनही भर उजेडात सागाच्या रानात शिकार करणारा. पुढे मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील अंमलदार जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात शहाद्याच्या बाजूला त्याचे काही नमुने मिळवले; त्यांतला शेवटचा १८८४ चा. नंतर तो पक्षी कोणाला दिसला नाही. रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाच्या कर्नलाने १९१४ मध्ये तापीकाठी मांडवीला आपण एक मारला असे सांगून नमुना संग्रहालयात दिला होता, आणि त्या नोंदीच्या भरवशावर लोक भलत्या ठिकाणी शोध घेत राहिले. पामेला रासमुसेन या पक्षितज्ज्ञ बाईंनी तो नमुना उलगडून तपासला तेव्हा उघड झाले, की तो डेव्हिडसनांचाच पक्षी, संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, खोट्या चिठ्ठीने परत ठेवलेला. दप्तरातली ही एक खोटी नोंद काढून टाकली तेव्हा खरी वाट मोकळी झाली. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळच्या रानात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट येथेही तो सापडला, आणि अलीकडे त्याच्या पेशीतील डीएनए तपासून आपल्या नेहमीच्या पिंगळ्याच्याच प्रजातीत त्याला बसवले गेले.

या हकीकतीत माझ्या मनाला सर्वांत खोल जाऊन भिडते ते हे, की संग्रहालयाच्या खणात भरून ठेवलेल्या त्या कातड्यातही पेशी होत्या, लाखो होत्या, प्रत्येकीत दप्तरही होते, पण त्यांतली एकही दुभंगणारी नव्हती. त्या कापसाच्या तंतूसारख्या होत्या. सूत त्यांचे निघाले असते, रानपिंगळा निघाला नसता. तो निघाला तो सातपुड्याच्या सागवनात कोणाच्याही नकळत एका अंड्यातून दुसऱ्या अंड्यापर्यंत चालत राहिलेल्या पेशीतून, जिची साखळी त्या ११३ वर्षांत एखाद्याही पिढीला तुटली असती तर कोणत्याही प्रयोगशाळेला, कोणत्याही बाटलीला, ती पुन्हा जोडता आली नसती. केळीच्या कंदाला माणूस आहे; वादळ झाले, करपा आला, भाव पडला, तरी कोणीतरी मुनवा जपून ठेवतो. यावलच्या अभयारण्यातल्या त्या पक्ष्याला, कड्यावरच्या कवदरीला, आणि ज्यांची नावेही अजून कोणी लिहिलेली नाहीत अशा ओढ्याकाठच्या शैवालांना असा धनी नाही. रान कापले की साखळी तुटते. तोडणारालाही ते कळत नाही.

वेळ संपत आला आहे, आणि गुरुजींच्या शिस्तीत वाढलेल्याने वेळेचे भान सोडू नये. सभागृहाच्या बाहेरच्या पडवीत विद्यार्थ्यांनी दोन सूक्ष्मदर्शक मांडून ठेवले आहेत. पहिल्याखाली या हंगामातल्या पहिल्या वेचणीच्या कापसाचा एक तंतू आहे. त्याचा पीळ नीट दिसेल. दुसऱ्याखाली कच्च्या केळ्याचा गर आहे, दाभणाच्या टोकाने काचपट्टीवर चोळलेला, वर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब. पेशीपेशीत पिठाचे निळे-काळे कण ठासून भरलेले दिसतील. शेजारी त्याच घडातले पिकलेले केळे ठेवले आहे, त्याचाही नमुना करून पाहावा. निळे कण बरेचसे गेलेले असतील, कारण पेशीने आपल्या पिठाची साखर केली आहे, आणि आपण जी गोडी चाखतो ती तीच. लहान मुलांना आधी पाहू द्यावे. त्यांची उंची पुरत नाही म्हणून दोन पाट ठेवले आहेत.